न आळलेला चॉकलेट फज

चॉकलेट फज घट्ट होत नाही, या सार्वत्रिक तक्रारीचे मूळ कोकोत नसून बहुधा पाकात शिल्लक राहिलेल्या पाण्यात असते. साखर, दूध आणि कोको यांचे मिश्रण ११२ ते ११५ अंश सेल्सिअसपर्यंत चढले, आणि त्याचा थेंब गार पाण्यात टाकताच बोटांनी सहज दबणारी मऊ गोळी वळली, तरच पाणी पुरेसे आटले असे खुशाल समजावे. महाबळेश्वरासारख्या उंच स्थळी मात्र पाणीच चार-पाच अंश आधी उकळत असल्यामुळे हा आकडाही तितकाच खाली येतो. पुढे मिश्रण न ढवळता सुमारे ४५ अंशांपर्यंत निवू द्यावे आणि मगच चकाकी जाईपर्यंत घोटावे, कारण उष्ण पाक घोटल्यास शर्करेचे स्फटिक मोठे होऊन वडी रवाळ होते. सैल राहिलेला ऐवज टाकून देणे सर्वथा अनावश्यक होय: थोडे पाणी घालून साखर पूर्ण विरघळवावी व पुनश्च त्याच अंशावर आणावी.