इसवणीचा तवा आणि सेकंदाला ५०३ किलोबाइट

सेकंदाला ५०३ किलोबाइट. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’चा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यातला हा आकडा. संगणकाच्या ज्या स्मृतीला साध्या प्रोग्रॅमने हात लावायचा नाही, ती या वेगाने वाचता येत होती आणि वाचनातल्या चुका होत्या अवघ्या ०.०२ टक्के. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं धरा, म्हणजे सेकंदाला १ लाख ६७ हजार चिन्हं. भरगच्च दिवाळी अंक तीन-चार सेकंदांत रिकामा. हा दोष इंटेलच्या १९९५ नंतरच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरांत असू शकत होता. एवढी वर्षं तो कुणाला खटकला नाही, कारण वेग त्याच्यामुळेच मिळत होता.

मालवणात ही गोष्ट समजवायला फार कष्ट पडत नाहीत. किल्ल्यावरून परतणारी होडी जेटीकडे येताना दिसली, की खानावळीतली मावशी गिऱ्हाईक बसायच्या आधीच इसवणीचे तुकडे तव्यावर टाकते. अंदाज बरोबर आला तर ताट दोन मिनिटांत. चुकला तर तुकडे बाजूला ठेवायचे. बिलात त्याची नोंद नाही. पण शेजारच्या बाकावर एखादा चौकस माणूस बसलेला असेल तर? तोही इसवण मागवतो आणि घड्याळ बघतो. दोन मिनिटांत आली तर आधी ती कुणासाठी तरी तळली गेली होती, पंधरा मिनिटं लागली तर नाही. मावशी काहीच बोललेली नसते.

प्रोसेसरचं असंच आहे. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा. सगळ्यात जवळच्या छोट्या स्मृतीतून, म्हणजे कॅशमधून, माहिती यायला ४-५ ठोके लागतात, रॅममधून आणायची तर २०० च्या वर. तेवढा वेळ हात बांधून बसण्यापेक्षा तो पुढचं काम अंदाजाने उरकून ठेवतो. अंदाज चुकला की हिशेब पुसतो, पण कॅशमध्ये आलेली माहिती तशीच राहते. घड्याळ लावणाऱ्याला तेवढं पुरतं. ‘मेल्टडाउन’मध्ये तर परवानगीची तपासणी पूर्ण होण्याआधीच मनाई असलेली माहिती अशा अंदाजी कामात वापरली जात होती. ‘स्पेक्टर’ हा त्याचा भाऊ. तो दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला चुकीचा अंदाज करायला लावतो आणि तो इंटेलपुरता मर्यादित नाही.

मेल्टडाउनवरचा पहिला उपाय सॉफ्टवेअरचा. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीच सुचवलेल्या युक्तीवरून ऑपरेटिंग सिस्टिमची स्मृती वेगळी ठेवली गेली. म्हणजे स्वयंपाकघर अंगणापलीकडे हलवलं. चोरी थांबली, पण दर ताटामागे फेरी वाढली. दोन्ही दोषांच्या दुरुस्त्या मिळून कुणाला किती जड जातील, ते मायक्रोसॉफ्टने ९ जानेवारी २०१८ ला सांगितलं. २०१६ च्या सुमाराचे किंवा नंतरचे प्रोसेसर आणि विंडोज १० असेल, तर घट एक आकडी टक्क्यांत. २०१५ च्या सुमाराचं किंवा त्याआधीचं यंत्र असेल, तर काहींना जाणवेल. त्याच जुन्या यंत्रावर विंडोज ७ किंवा ८ असेल, तर बहुतेकांना जाणवेल. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात बोलका हिशेब हाच: दुरुस्ती फुकट मिळाली, पण तिची किंमत ज्याचं यंत्र जुनं त्याने जास्त मोजली. आणि जुनी यंत्रं टिकतात ती गावातल्या लॉजच्या गल्ल्यावर, झेरॉक्सच्या दुकानात.

एक गंमत मात्र उलट्या बाजूची. २०१७ मध्ये आपल्याकडे धो-धो खपलेल्या रेडमी नोट ४ मध्ये स्नॅपड्रॅगन ६२५ होता, म्हणजे कॉर्टेक्स-ए५३ जातीचे ८ गाभे. हा साधा गाभा कामं क्रमानेच करतो, अंदाजाने फार पुढे धावत नाही. त्याला हे दोन्ही दोष लागू नव्हते. रापणीवरच्या माणसाच्या खिशातला फोन या बाबतीत महागड्या डेस्कटॉपपेक्षा भक्कम होता.

खरी दुरुस्ती सिलिकॉनमध्येच व्हायला हवी होती. मार्च २०१८ मध्ये इंटेलने तशी घोषणा केली आणि एप्रिल २०१९ च्या ‘कॅस्केड लेक’ सर्व्हर प्रोसेसरांत मेल्टडाउनची वाट चिपमध्येच बुजवली. स्पेक्टरचा पहिला प्रकार तरीही सॉफ्टवेअरवरच सोडला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ‘डाउनफॉल’ निघाला. त्यात इंटेलच्या सहाव्यापासून अकराव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर सापडले, कॅस्केड लेकही. काही विशिष्ट कामांत त्याच्या दुरुस्तीने वेग ५० टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असं इंटेलनेच सांगितलं.

मग रचनाच बदलायची तर? ‘मिराज’ नावाच्या कॅशची कल्पना २०२१ ची. माहिती कॅशमध्ये अशी विखरून ठेवायची, की कुणी कुणाला हुसकावलं हे बाहेरून ताडताच येऊ नये. तिला जागा मात्र १७ ते २० टक्के जास्त लागते. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या विश्वबंदन पंडा यांच्या गटाने २०२४ मध्ये ‘माया’ मांडली. मोठ्या कॅशमध्ये येणारा बहुतेक माल पुन्हा कुणी मागतच नाही. तेव्हा पहिल्या मागणीला फक्त पत्ता टिपून ठेवायचा आणि दुसऱ्यांदा मागणी आली तरच मालाला जागा द्यायची. मावशी वहीत नुसतं नाव लिहील. तवा तापेल तो दुसऱ्यांदा विचारल्यावर. त्यामुळे सुरक्षितता राखूनही जागा नेहमीच्या कॅशपेक्षा कमी लागते. सध्या हे सगळं सिम्युलेटरमध्ये आहे, दुकानातल्या चिपमध्ये नाही.

दुकानात प्रश्न वेगळाच विचारला जातो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सेकंडहँड संगणक घेणारा एवढंच विचारतो: ‘अकरा चालतं काय?’ इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं. पण त्या पिढीतल्या आय७-८७००के सारख्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मेल्टडाउनची दुरुस्ती सिलिकॉनमध्ये नाही, ती सॉफ्टवेअरचीच आहे. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ एवढा आदेश दिला, की दोषांची यादी येते. चिपच निर्दोष असेल तर मेल्टडाउनसमोर ‘नॉट अफेक्टेड’ दिसतं. माझ्या घरच्या २०१३ च्या यंत्रावर तिथे ‘मिटिगेशन; पीटीआय’ येतं, अंगणापलीकडची फेरी चालू आहे.