गॅलॉडेटचं कोंडाळं

अमेरिकन फुटबॉलमध्ये बहुतेक चालींआधी अकरा खेळाडू डोक्याला डोकं लावून गोल उभे राहतात. या कोंडाळ्याला हडल म्हणतात. ते आलं कुठून, या प्रश्नाचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उत्तर वॉशिंग्टन डी.सी.मधल्या कर्णबधिरांच्या कॉलेजात सापडतं. १८९० च्या दशकात तिथल्या पॉल हबर्ड या क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाला चाल सांगणाऱ्या खेळाडूला, एक काळजी होती. समोरचा संघही कर्णबधिरांचा असला, तर आपण हातांनी सांगितलेली चाल ते सहज वाचणार. मग त्याने सवंगड्यांना गोल उभं केलं, पाठींचा आडोसा केला आणि आत खुणा केल्या. ऐकू येणाऱ्या संघांनी ही युक्ती उचलली आणि आज ती खेळाचा भाग आहे.

हे कॉलेज म्हणजे आजचं गॅलॉडेट विद्यापीठ. पदवी देण्याच्या त्याच्या अधिकारावर १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांनी सही केली. पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळायला मात्र १९८८ उजाडलं, तेही विद्यार्थ्यांनी आवार बंद पाडल्यावर. फुटबॉल इथे १८८३ पासून आहे. संघाचं नाव बायसन, म्हणजे अमेरिकेतला रानगवा.

ऐकू येणाऱ्या संघात क्वार्टरबॅक ओरडून आकडे मोजतो आणि ठरलेल्या आकड्यावर चेंडू मागे येतो. गॅलॉडेटमध्ये अनेक वर्षं हे काम एका भल्यामोठ्या ढोलाने केलं. तो मैदानाच्या कडेला असे. कितव्या ठोक्याला चेंडू सुटणार हे आधी ठरलेलं असे आणि वाकून बसलेल्या खेळाडूंना तो ठोका अंगात जाणवे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशांजवळ उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे ही पद्धत मागे पडली. आता खेळाडू चेंडूवर नजर ठेवतात आणि तो हलला की उठतात. पण लाइनमनला, म्हणजे पुढच्या रांगेतल्या खेळाडूला, त्याच क्षणी समोरच्या अंगावर येणाऱ्या माणसाकडेही बघायचं असतं. त्याच्या डोळ्यांना एकाच वेळी दोन कामं करावी लागतात आणि गॅलॉडेटच्या खेळातली खरी अवघड गोष्ट हीच आहे. स्टेडियममधला गोंगाट त्यांना अडवत नाही. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात पाहुण्या संघाचे आकडे विरून जातात, पण या संघाचं त्यामुळे काहीच बिघडत नाही.

२०१३ चा मोसम या संघाच्या इतिहासातला सर्वात उजळ म्हणावा लागेल. त्याआधी संघ काही वर्षं नुसत्या क्लबच्या पातळीवर खेळला होता आणि २००७ मध्ये कॉलेजांच्या अधिकृत स्पर्धेत परतला होता. खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती न देणारा हा तिसरा विभाग. चक गोल्डस्टीन या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाने त्या वर्षी दहापैकी नऊ सामने जिंकले, आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं आणि पहिल्यांदाच राष्ट्रीय बाद फेरी गाठली. तिथे पहिल्याच सामन्यात होबार्ट कॉलेजने त्यांना हरवलं. तरीही ते दहा सामने मोलाचे आहेत, कारण समोर बहुधा ऐकू येणारेच खेळाडू होते आणि नियमांत कुठलीही सवलत नव्हती.

दहा वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, क्वार्टरबॅक ब्रँडन वॉशिंग्टन एक वेगळं हेल्मेट घालून उतरला. एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने ते विद्यापीठाबरोबर तयार केलं होतं. प्रशिक्षक टॅबलेटवर चाल निवडतो, ती फाइव्ह-जी जाळ्यातून हेल्मेटपर्यंत जाते आणि डोळ्यासमोरच्या छोट्या काचेवर उमटते. गॅलॉडेटने त्या दिवशी हिल्बर्ट कॉलेजला ३४-२० असं हरवलं. मोसमातला तो त्यांचा पहिला विजय होता.

बातम्यांत हेल्मेट गाजलं, आणि ते योग्यच होतं. वर्षानुवर्षं खेळाची साधनं ऐकणाऱ्यांसाठी बनत आली. इथे ती कर्णबधिर खेळाडूला केंद्रस्थानी ठेवून बनली. मात्र ते काय सोडवतं आणि काय नाही, हेही नीट पाहायला हवं. काच एकाच खेळाडूपुढे होती. चाल क्वार्टरबॅकला पोचली, तरी उरलेल्या दहा जणांना ती त्याच्या हातांतूनच कळणार. दोन चालींमध्ये साधारण चाळीस सेकंद मिळतात. रांगा लागल्यावर समोरच्यांची मांडणी बघून चाल बदलायची ठरली, तर ऐकू येणारा क्वार्टरबॅक नुसता ओरडतो. इथे प्रत्येकाला मान वळवून त्याच्याकडे बघावं लागतं आणि एकाची जरी नजर चुकली, तरी तो जुनीच चाल खेळतो.

पंचांच्या शिट्टीचंही तसंच आहे. खेळ थांबल्याचं खेळाडूला इतरांच्या थांबण्यावरून कळतं. पाठमोरा माणूस अर्धा क्षण उशिरा थांबला, तर त्याचा धक्का नियमबाह्य ठरू शकतो आणि संघाला पंधरा यार्डांचा दंड बसतो.

त्यात भरती दर वर्षी नवी. बरीच कर्णबधिर मुलं आज ऐकणाऱ्या मुलांच्या शाळांत शिकतात आणि काहींच्या हाताला अमेरिकन साइन लँग्वेजची सवयच नसते. असा मुलगा संघात आला, की त्याला चालींची वही आणि भाषा एकदमच शिकावी लागते. चार वर्षांत तो तयार होतो आणि पदवी घेऊन जातो.

हेल्मेटला परवानगीही त्या एकाच सामन्यापुरती होती. २०२३ च्या मोसमातले उरलेले सामने बायसन संघ त्याच्याशिवाय खेळला. क्वार्टरबॅक प्रत्येक चालीसाठी मैदानाच्या कडेला उभ्या प्रशिक्षकाच्या हातांकडे बघत होता आणि मग कोंडाळ्यात जाऊन ती चाल इतरांना सांगत होता.