आवाज कशात ठेवावेत?

जात्यावरच्या ओव्यांचे माझ्याकडचे ध्वनिमुद्रण एकंदर दोनशे दहा तासांचे आहे. राजापूर आणि लांजा तालुक्यांतल्या ज्या बायकांनी त्या म्हटल्या, त्यांतल्या फार थोड्या आज हयात आहेत. जाती तर त्याआधीच पडवीतून अंगणात आणि अंगणातून परसात गेली. १९९४ ते २००६ या काळात हे सगळे कॅसेटवर घेतले आणि पुढे संगणकावर उतरवले. ओव्यांचे शब्द वहीत आहेत. पण पाळी फिरवताना मधेच तुटणारा श्वास आणि जात्याची घरघर वहीत येत नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशा फायलीला तासाला साधारण एक जीबी लागतो. म्हणजे वीसेक गावांचे हे धन सव्वादोनशे जीबीच्या आत मावते. जागेचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो आणखी चाळीस वर्षांनी ते कुणाला ऐकता येईल का, हा.

‘सगळ्यात टिकाऊ काय?’ असे लोक विचारतात. माझ्या मते विचारायला हवे ते असे, की हे साधन मरते कसे? आणि मरताना आवाज करते का?

हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर हेड तरंगत असते. इथे बहुधा मरते ते यंत्र. चकतीवरची चुंबकीय नोंद मागे राहते. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कांचा हिशेब नियमित जाहीर करते. त्यानुसार वर्षाकाठी शंभरांतल्या साधारण एक-दोन बंद पडतात. अर्थात त्या थंड दालनात अखंड चालणाऱ्या डिस्का आहेत, गोदरेजच्या कपाटात कपड्यांखाली निजलेल्या नव्हेत. वर्षानुवर्षे बंद ठेवलेली डिस्क एके दिवशी फिरायलाच नकार देऊ शकते. तरीही हे साधन मला बरे वाटते, कारण ते अनेकदा आधी कुरकुरते: टकटक ऐकू येते, फायली उघडायला वेळ लागतो. आणि पुरती बंद पडली तरी पुष्कळदा प्रयोगशाळेत, भरपूर पैसे मोजून का होईना, माहिती परत मिळते.

एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांची जात निराळी. यांत फिरणारे काहीच नाही. सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार हीच नोंद, आणि तो भार हळूहळू झिरपत असतो. उष्णता वाढली की झिरपणेही वाढते. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेची अट पाहण्यासारखी आहे: लिहिण्याची क्षमता पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना, ३० अंश सेल्सियसला, एक वर्ष माहिती धरून ठेवली म्हणजे झाले. नवी, फारशी न वापरलेली एसएसडी याहून खूप जास्त टिकते हे खरे. पण आपल्याकडे वैशाखात पत्र्याखालच्या माळ्यावर ३० अंश पहाटेसुद्धा असतात. शिवाय हा मृत्यू मुका. पेन ड्राइव्ह ने-आण करायला उत्तम, ठेवायला नव्हे. (पाचशे रुपयांत दोन टीबी म्हणून जे विकले जाते ती उघड फसवणूक असते. आत त्याचा लहानसा अंशच असतो, आणि तो भरला की नव्या फायली जुन्यांच्या डोक्यावर लिहिल्या जातात. एफ३ नावाचा मोफत प्रोग्राम अशा वस्तू पूर्ण भरून, परत वाचून बिंग फोडतो.)

सीडीवर माझ्या पिढीने फार विश्वास टाकला. घरी लिहिलेल्या सीडीत नोंद असते ती एका रंगद्रव्यात, आणि त्यामागचा चकचकीत धातूचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो. म्हणून सीडी जपायची ती वरच्या, छापील बाजूने. आपण मात्र खालची बाजू जपतो आणि वर बॉलपेनने नाव लिहितो! डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधोमध असल्याने तेवढा धोका कमी. पण दमटपणा दोघींचा वैरी. बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीवर स्पेनमधल्या शास्त्रज्ञांना धातू आणि प्लास्टिक दोन्ही पोखरणारी बुरशी सापडली होती. ती बातमी २००१ची. कोकणातल्या श्रावणात चपलांवर दोन दिवसांत पांढरी लव चढते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटू नये.

यावर तोडगा म्हणून एम-डिस्क आली. तिच्यात रंगद्रव्याऐवजी दगडासारखा खनिज थर असतो आणि लेझर त्यात खळगे पाडतो. दावा हजार वर्षांचा. तो काढणारी मिलेनियाटा ही कंपनी २०१६ साली दिवाळखोरीत गेली, तरी डिस्का मिळत राहिल्या. पण २०२५च्या फेब्रुवारीत सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कांचे उत्पादन थांबवले आणि नव्या लॅपटॉपला तर डिस्कचा खणच नसतो. डिस्क उरेल, ती वाचणारे यंत्र उरेल का? बीबीसीने १९८६ साली १०८६च्या ‘डूम्सडे बुक’ची नवी आवृत्ती लेझर-डिस्कवर केली. पंधराएक वर्षांत ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती वाचण्यासाठी खास संशोधन प्रकल्प हाती घ्यावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र आजही वाचता येते.

यंत्रासारखीच लिपीही हरवते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या टिकल्या, पण विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्यांनी किल्ली शोधेपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला त्या बंदच होत्या. हा मुद्दा माझ्या दारात येऊन बसला आहे. काही ओव्यांत सासरच्या माणसांची नावे घेऊन गाऱ्हाणी आहेत. एक आजी म्हणाली होती, “मी हाय तवर कुनाला आयकवू नको, बाला.” अशा फायलींना पासवर्डचे कुलूप घालावे, असे एका जाणत्या मित्राचे म्हणणे. मी ते मानले नाही. सकळ लिपी बुद्धीने उलगडता आली. आजच्या कुलपाचा पासवर्ड माझ्याबरोबर गेला तर दहा राजवाडे बसले तरी ते उघडणार नाही. त्या फायली वेगळ्या डिस्कवर, साध्या लोखंडी कुलपाच्या पेटीत आहेत. किल्ली भाचीकडे आहे, आणि कोणते नाव केव्हा खुले करायचे याची यादीही.

बाकीच्यांसाठी मी पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशेब वापरतो: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, एक प्रत दुसऱ्या गावी. दोन हार्ड डिस्का आहेत. कंपन्या वेगळ्या, खरेदीची वर्षेही वेगळी, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोघींत यायचा नाही. एक माझ्याकडे, दुसरी घाटावर बहिणीकडे, तिथली हवा कोरडी. तिसरी प्रत एम-डिस्कवर, डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेल. डिस्क वाचणारा यूएसबी ड्राइव्हही त्याच डब्यात. ध्वनी साध्या वेव्ह फायलींत, शब्द युनिकोडमध्ये. नव्वदच्या दशकातल्या फॉन्टमधला मराठी मजकूर आज उघडला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, हे या अंकाच्या अनेक लेखकांना माहीत असेल.

तुळशीच्या लग्नानंतर हवा सुकली की दोन्ही डिस्का जोडतो. प्रत्येक फायलीचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे चौसष्ट अक्षरांची खूण, आधीच काढून ठेवला आहे. फायलीतला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. संगणक रात्रभर नवे ठसे जुन्यांशी ताडतो. न जुळलेली फाइल दुसऱ्या प्रतीवरून आणायची. पाच वर्षांनी जुनी डिस्क बदलायची. यंदा घाटावरच्या डिस्कची पाळी आहे. ठशांच्या यादीचा छापील कागदही बदलायचा आहे, कारण आधीचा लेझर प्रिंटरचा नव्हता आणि शाई पसरू लागली आहे.