पंडित आणि म्हाताऱ्या, वर्ग एकच!

तुमच्या वर्गातही असंच असेल ना? एकाला नोट्स न काढता सगळं कळतं, दुसरा पहिल्याच वाक्याला अडकतो. मग सरांनी शिकवायचं कुणासाठी?

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलंय, पण तिथल्या महानुभावांपुढे हा पेच सातशे वर्षांपूर्वीच होता. एकीकडे केशोबासांसारखे संस्कृत पंडित, दुसरीकडे साध्याभोळ्या म्हाताऱ्या. केशोबास संस्कृतात लिहायला निघाले, तर नागदेवाचार्यांनी अडवलं: माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील. ‘स्मृतिस्थळा’तली ही गोष्ट. म्हणून काय दर्जा घसरला? अजिबात नाही! केशोबासांच्याच मराठी ‘दृष्टांतपाठा’तला आंधळ्यांचा हत्ती पोरालाही कळतो, पंडितालाही पुरतो.

आज पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 मुलांपर्यंत कायद्याने दोनच शिक्षक. एका मॅडमपुढे दोन-तीन इयत्ता! ‘प्रथम’ संस्थेची युक्ती म्हणजे रोज थोडा वेळ इयत्ता विसरायची. अक्षरं येणारे इकडे, शब्द वाचणारे तिकडे, गोष्ट वाचणारे पलीकडे. मूल पुढे गेलं की गट बदलतो. हे बदलणं महत्त्वाचं. ‘ढ’चा शिक्का किती चिवट असतो, तुम्हाला माहितीये. बीएडवाल्यांनो, तुमच्या पाठ टाचणात शेवटच्या बाकासाठी काय लिहिलंय?