जुन्या धोतराचं शीड

मैत्रिणींनो, विणकाम, भरतकाम, मण्यांची तोरणं, झालंच तर मेणबत्त्या, हे सगळे छंद आपण कधी ना कधी केलेले असतात. मी आज ज्या छंदाबद्दल सांगणार आहे तो ऐकून आमच्या शेजारच्या वहिनींनी चक्क कपाळाला हात लावला होता. "अहो, सुतारकाम? तुम्ही?" मी म्हटलं, हो, मीच. लाकडाचं शिडाचं जहाज केलंय, अगदी डोलकाठ्यांसकट.

झालं असं की, आमच्या चिरंजिवांनी पुण्याहून दिवाळीला एक खोकं पाठवलं. त्यात 'कटी सार्क' या इंग्रजी जहाजाच्या प्रतिकृतीचं सामान होतं: पातळ पट्ट्या, दोऱ्या, नकाशे. खरं जहाज 1869 सालचं, आजही लंडनमध्ये ग्रिनिचला बघायला मिळतं. मुलाचा हेतू चांगला होता. सासूबाई गेल्यापासून मामंजी गप्प गप्प असायचे, जेवले की नाही तेही विसरायचे. हातांना काही काम मिळावं, एवढंच त्याच्या मनात. मामंजींनी खोक्यावरचं चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यां आमचां न्हय गो." आणि उठून ओसरीवर गेले.

मामंजी तरुणपणी मालवणहून मुंबईला जाणाऱ्या फत्तेमारीवर होते. खलाशी म्हणून चढले आणि तांडेल होऊन उतरले. मंगळुरी कौलं, नारळ, मीठ असला माल. त्या फत्तेमाऱ्या बंद पडून आता कितीतरी वर्षं झाली. घरात फोटोसुद्धा नाही. मला एकदम वाटलं, हे सगळं या एका माणसाच्या डोक्यात आहे आणि तिथूनही रोज थोडं थोडं पुसलं जातंय. मग ठरवलं, खोक्यातल्या पट्ट्या वापरायच्या, पण जहाज यांचं करायचं.

आता नकाशा कुठून आणायचा? आपल्याकडचे वाडी लोक, म्हणजे जहाजं बांधणारे सुतार, डोळ्यांच्या अंदाजानं आणि दोरीच्या मापानं बांधायचे. मामंजींना विचारलं, लांबी किती? "चाळीस हात." रुंदी? "बारा." म्हणजे साठ फूट आणि अठरा फूट. फुटाला पाव इंच धरला तर पंधरा इंच लांब आणि साडेचार इंच रुंद. टीव्हीवर ठेवता येत नाही, पण कपाटावर मावतं.

आकार मात्र तोंडी सांगता येईना. एके दिवशी मी पुऱ्यांची घट्ट कणीक मळत होते. मामंजी समोर बसले होते. त्यांनी परातीतला गोळा उचलला आणि दोन्ही तळव्यांत असा काही लांबवला, पुढून निमुळता, तळाशी धारेचा, की बघता बघता जहाजाचं पोट तयार! त्या दिवशी पुऱ्या राहिल्या. मी तो गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला, आणि वडीला वापरतो तसा दोरा घेऊन त्याचे सात ठिकाणी आडवे काप केले. प्रत्येक काप कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली. गोळा निम्म्या मापाचा होता, तेव्हा चौकटीच्या कागदावर दुप्पट केला. डावी-उजवी बाजू सारखी यावी म्हणून ब्लाउज बेततो तसा कागद मधोमध दुमडून घडीवर कापला. हे झाले जहाजाचे वाक, म्हणजे बरगड्या. प्लायवुडमधून त्या कापायला शेजारच्या गल्लीतल्या सुतारानं मदत केली, उगाच खोटं कशाला सांगू?

तळाचा लांब कणा तो पठाण. त्यावर वाक उभे चिकटवायचे आणि वरून पट्ट्या मारत जायचं. इथंच मी फसले. उत्साहाच्या भरात एका बाजूच्या नऊ पट्ट्या एका रात्रीत मारून मोकळी झाले. सकाळी बघते तर पठाण केळ्यासारखा वाकडा! फेविकॉल सुकताना ओढतो हो, आणि दुसऱ्या बाजूला तोल धरायला काहीच नव्हतं. मामंजी काही बोलले नाहीत. नुसते बोट लावून बघत राहिले, ते बोलण्यापेक्षा वाईट. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवून ठेवून सगळ्या पट्ट्या सोडवल्या, चार मोडल्या. तेव्हा एक पट्टी डावीकडे, की लगेच एक उजवीकडे, हे पक्कं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट. जहाज मध्ये फुगीर आणि टोकाला अरुंद, तेव्हा सरळ पट्ट्या टोकाशी एकमेकींवर चढतात. परकराच्या कळ्या कापताना कमरेकडे निमुळत्या करतो ना? अगदी तसंच, नाळीकडे म्हणजे पुढच्या टोकाकडे प्रत्येक पट्टी तासून अरुंद करायची. पट्ट्या अर्धा तास गरम पाण्यात भिजत घातल्या की वळतात. वळवून कपड्यांच्या चिमट्यांनी रात्रभर धरून ठेवायच्या. आमच्याकडे तेव्हा दोरीवरचे कपडे वाऱ्यानं उडत होते, कारण चिमटे सगळे जहाजावर. ह्यांचा एक बनियन तर परत मिळालाच नाही. घासताना पॉलिश पेपर आधी जाड, मग बारीक. आणि नाकावर रुमाल बांधायला विसरू नका, भुसा छातीत जातो.

डोलकाठ्या उभ्या केल्या तेव्हा मामंजी पहिल्यांदा ओरडले. "अशी ताठ कित्याक? ती फुडे झुकाक व्हयी!" मला वाटलं, वयानं गोंधळ होतोय. पण त्यांनी काड्यापेटीतली काडी घेऊन दाखवलं. त्यांच्या शिडाचा आडवा वासा, परबाण, चांगलाच लांब असतो. वारा दुसऱ्या अंगाला घ्यायचा तर तो उभा करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावा लागतो. काठी पुढे झुकलेली असली की त्याला फिरायला मोकळी जागा मिळते. हे सांगताना त्यांचा आवाज एवढा मोठा झाला की वहिनी खिडकीतून डोकावल्या.

शिडासाठी मी मांजरपाट आणला होता. तो या मापाला गोणपाटासारखा जाड दिसायला लागला. छोट्या जहाजाला कापड फार पातळ लागतं. शेवटी मामंजींचं धुऊन धुऊन विरलेलं धोतर घेतलं, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं, तेव्हा कुठे त्याला समुद्राचा रंग आला. दोऱ्यांचा धागा मेणबत्तीवर ओढून घेतला की त्याची लव बसते. गाठी मी मारल्याच नाहीत. त्यांची बोटं थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही, पण गाठ? एका हातात दोरी धरली की दुसरा हात आपोआप चालतो.

मैत्रिणींनो, सामान महागच पाहिजे असं नाही बरं का. नेपोलियनच्या लढायांच्या वेळी इंग्लंडमध्ये कैदेत असलेल्या फ्रेंच खलाशांनी जेवणातली उरलेली हाडं घासून सुरेख जहाजं केली, ती आज संग्रहालयांत आहेत. आणि आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली सागवानाचं बांधलेलं 'त्रिंकोमाली' अजूनही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. खोक्यांवर मात्र सगळी नावं परदेशीच. वाडियांचं जहाज कुणी करायला घेतलं तर मला जरूर कळवा.

आमचं जहाज सव्वा वर्षानं पुरं झालं. फक्त मागच्या फळीवर नाव घालायचं राहिलंय. मामंजींना सगळं आठवतं, कुठल्या खुंट्याला कुठली दोरी तेही, पण त्या फत्तेमारीचं नाव आठवत नाही. कधी एक सांगतात, दोन दिवसांनी दुसरं. मी त्यांनी सांगितलेलं नाव पेन्सिलीनं लिहिते. सकाळी ते चष्मा लावून वाचतात आणि मान हलवतात. मग मी खोडरबर घेते.