पाचोळ्यातलं पान उडालं

फेब्रुवारीतली संध्याकाळ, नागपूरचं सेमिनरी हिल्स. सागाच्या पाचोळ्यात पाऊल टाकलं आणि पायाशी पडलेलं एक पान उडून हातभर पुढं जाऊन बसलं. नजर तिथंच होती, तरी ते सापडायला दोन मिनिटं लागली. मिटलेले पंख, आकड्यासारखं वळलेलं टोक, मधून पानाच्या शिरेसारखी रेघ, वर बुरशी लागल्यासारखे दोन-चार काळे ठिपके.

हे कॉमन इव्हनिंग ब्राउन, शास्त्रीय नाव मेलॅनायटिस लेडा. दिवसभर सावलीत पडून राहायचं आणि दिवेलागणीला निघायचं. कधी कधी घरात ट्यूबलाइटवरही येतं.

ऑगस्टात पाहाल तर हेच का ते, असं वाटेल. तेव्हा मिटलेल्या पंखांवर बारीक नक्षी आणि कडेला पिवळ्या कड्यांचे डोळे असतात. ऋतू बघून ते रंग बदलतं, असं म्हणतात, तसं नाही. कोषातून निघालं की रंग मरेपर्यंत तोच. ठरतं ते आधी, शिंगं असलेली हिरवी अळी गवत खात वाढते तेव्हाच्या हवेवर.

पावसाळ्यात चोच डोळ्यावर पडते, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. असे कोपरा तुटलेले मी बरेच पाहिलेत. वाळक्या पानांत मात्र डोळा म्हणजे चुगली. सातभाईंचा थवा पाचोळा उलथत येतो. उठून दिसला तो संपला, न दिसलेल्याची अंडी पुढं गेली. ही छाननी अगणित पिढ्या चाललीय. उन्हाळ्यातल्या दोघांचे पंखही सारखे नसतात. एकाच छापाचे असते तर पाखरांनी केव्हाच ओळखले असते.

अशीच छाननी इंग्लंडातही दिसली. मँचेस्टरला एका पांढुरक्या पतंगाच्या जातीत काळा पहिल्यांदा सापडला १८४८ साली. गिरण्यांच्या काजळीनं झाडं काळवंडली आणि पन्नासेक वर्षांत त्या जातीचे तिथले जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानं धूर आवरला, मग पांढुरके परतले. आपल्या फुलपाखराकडं दोन्ही कपडे आहेत, पण कोणता घालायचा हे अळी असतानाच्या हवेवरून ठरतं. विदर्भात अवकाळी पाऊस आला की हा अंदाज चुकू शकतो.

सातभाईंना फसवणारे हे पंख काडीपेटीपुढं काय करणार? कंपाउंडातला पाचोळा पेटवण्याआधी एकदा काठीनं हलवून बघा.