सतराच्या आत

१९७४ च्या एप्रिलअखेरीस बँकॉक येथे भारताच्या कुमार फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात इराणशी दोन-दोन अशी बरोबरी केली आणि आशियाचे अजिंक्यपद विभागून घेतले, ही गोष्ट आज कोणाला सांगावी तर ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे पाहतो आणि मग पुरावा मागतो. त्या संघाचे प्रशिक्षक अरुण घोष आणि कर्णधार हैदराबादचा शब्बीर अली. घोष हे १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातले, म्हणजे भारतीय फुटबॉलच्या बऱ्या दिवसांचा एक साक्षीदारच त्या पोरांच्या पाठीशी उभा होता. दुर्दैव एवढेच की कुमारांची जागतिक स्पर्धा त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. ती १९७७ साली ट्युनिशियात सुरू झाली, आणि तोवर बँकॉकची मुले कुमार उरली नव्हती.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी या संघाचा इतिहास लिहावयास सांगितला तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात राहणाऱ्या, कबड्डीच्या मैदानाबाहेर फारसे न पाहिलेल्या मनुष्याला हा विषय का द्यावा, याचा खुलासा त्यांनी केला नाही आणि मीही मागितला नाही. जुनी कात्रणे चाळू लागलो तेव्हा मात्र जी एक गोष्ट मनाला चिकटली ती सामन्यांची नव्हे, संघाच्या घडणीची होती. ज्या संस्थेचे सभासद केवळ वाढदिवस आला म्हणून बाद होतात अशी दुसरी संस्था मला आठवत नाही. येथे अनुभव हा गुण नव्हे. तो पुरता येईपर्यंत मुदत संपलेली असते, आणि दर दोन वर्षांनी सारा कारभार नव्या मुलांनिशी पुनश्च आरंभावा लागतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण तो थोडकाच आहे. बँकॉकनंतर दीर्घ शांतता. सोळा-सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९८५ पासून सुरू झाली, परंतु पात्रतेच्या पायऱ्या चढून भारताचा मुलांचा संघ तेथे कधी पोचला नाही. २००२ साली सोळा वर्षांखालील संघ आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून हरला. २०१८ साली गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखाली तो पुन्हा त्याच फेरीत आला आणि पुन्हा दक्षिण कोरियाकडूनच, एका गोलाने हरला. तो सामना जिंकता तर जागतिक स्पर्धेचे दार उघडले असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत वीस वर्षांखालील भारतीय संघाने अर्जेंटिनाच्या समवयस्क संघाला दोन-एक असे हरवले, आणि तेही उत्तरार्धाचा बराच काळ दहाच खेळाडूंनिशी. समोरच्या संघाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी होते, ज्यांनी पुढे चार वर्षांत आपल्या देशाला विश्वचषक मिळवून दिला. त्या सामन्यात लाल कार्ड दाखवून बाहेर काढण्यात आलेला खेळाडू कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे मराठी वाचकास सांगितले पाहिजे.

अनिकेतचे नाव त्याच्या एक वर्ष आधी घरोघर पोचले होते. २०१७ साली सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा भारतात भरली आणि यजमान म्हणून आपला संघ प्रथमच तीत उतरला. एकवीस जणांच्या त्या संघात आठ मुले एकट्या मणिपूरची होती. कोल्हापुरातील रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत पुण्याच्या बालेवाडीतील क्रीडा प्रबोधिनीतून तेथवर आला होता, आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही त्यात होता. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ६ ऑक्टोबरला अमेरिकेने तीन-शून्य असे हरवले. ९ तारखेला कोलंबियाविरुद्ध, एका गोलाने मागे असताना, ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने घेतलेल्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने उंच उडी घेऊन चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. जागतिक स्पर्धेत भारताचा तो पहिला गोल. सारे स्टेडियम उभे राहिले, आणि ते खाली बसण्यापूर्वीच कोलंबियाच्या पेन्यालोझाने दुसरा गोल करून सामना परत नेला. जो संघ पुढे कोठेही गेला नाही त्याच्या वाट्याला हे एक मिनिट आले. पुढच्या सामन्यात घानाने चार गोल चढवून हिशेब मिटवला. तरीही तीन सामने हरलेल्या त्या संघाची थट्टा करण्याचे धाडस मला होत नाही, कारण कोलंबियाविरुद्ध पूर्वार्धाच्या अखेरीस आपल्या राहुलचा फटका खांबावर न आदळता चार बोटे आत गेला असता तर मी हा परिच्छेद निराळ्या सुरात लिहिला असता.

त्या स्पर्धेची लाट आमच्या तालुक्यांपर्यंतही आली. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने एकाच दिवशी दहा लक्ष मुलांनी फुटबॉल खेळावा असा संकल्प सोडला आणि शाळांना चेंडू पुरवले. मुरबाडकडच्या ज्या निवृत्त गुरुजींकडे मी या लेखानिमित्त वारंवार जाऊ लागलो, त्यांच्या शाळेतही तो दिवस साजरा झाला होता; चेंडूला लाथ मारण्यापूर्वी त्याला कुंकू लावावे की नाही यावर तेथे थोडी चर्चा झाली, आणि मग मुलांनी दोन दगड मांडून गोलखांबाचा प्रश्न सोडवला.

गुरुजींकडे मी गेलो तो चेंडूसाठी नव्हे, त्यांच्या रजिस्टरसाठी. कुमार फुटबॉलचे सारे यंत्र ज्या कळीवर फिरते ती कळ वय ही आहे, आणि तीवर विश्वास ठेवावयास जगातले कोणीही तयार नाही. स्पर्धेच्या नियमात ‘१ जानेवारी २००० रोजी वा तदनंतर जन्मलेला’ असे एक वाक्य असते; त्या एका वाक्यासाठी देशोदेशी दाखले खोटे झाले, खेळाडूंनी भावांची नावे धारण केली. शेवटी फिफाच्या वैद्यांनी कागदाचा नाद सोडून शरीराचीच साक्ष काढली. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी, कूर्चेची एक पातळ पट्टी असते. मुलगा वाढत असतो तोवर ती जिवंत राहते, आणि वाढ संपत आली की हाड तिला हळूहळू गिळून टाकते. या पट्टीची प्रतिमा एमआरआय यंत्राने काढावयाची आणि तिचे बुजणे सहा पायऱ्यांत मोजावयाचे, अशी ही पद्धत आहे. क्ष-किरणांचा मारा निरोगी मुलांवर नको म्हणून हे महागडे यंत्र पत्करले गेले. सहावी पायरी, म्हणजे पट्टीचा मागमूसही न उरणे, ही सतराच्या आतल्या मुलात शंभरात एखाद्याहूनही क्वचित आढळते. तेव्हा ज्याचे मनगट सहाव्या पायरीवर, तो संघाबाहेर. २००९ साली नायजेरियातील स्पर्धेपासून ही तपासणी सुरू झाली आणि खुद्द यजमानांनाच आयत्या वेळी अनेक मोहरे गाळावे लागले.

गुरुजींनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकले. “आमच्याकडे मनगटाऐवजी कान होता,” ते म्हणाले, आणि त्यांनी उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाची पाळी धरून दाखवली. हात कानाला पोचला की मूल सहा वर्षांचे; पोचला नाही की पुढल्या वर्षी या. जुन्या शिक्षकांचा हा शिरस्ता महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? जून उजाडला की गुरुजी ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर पटनोंदणीसाठी हिंडत. “आई सांगायची, लावणी चालली होती तेव्हा झाला. आता लावणी दरसालचीच की हो! साल कोठून आणू? मग कान धरायला लावायचा, आणि तारीख एक जून टाकायची.” शाळा जूनमध्ये सुरू होणार, तेव्हा एक जूनला सहा पूर्ण, त्यात लबाडी नव्हती, केवळ सोय होती. त्यांच्या जनरल रजिस्टरात पानामागून पान उलटावे तर जन्मतारखेच्या रकान्यात तीच तारीख, त्याच निळसर शाईत, एकाखाली एक लिहिलेली, मधूनच एखादी २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट, आणि तिच्याकडे पाहून गुरुजी म्हणत, “ही पाटलांच्या घरची.”

मी त्यांना सांगितले की मनगटाच्या प्रतिमेलाही खरे तर वय कळत नाही. ज्याची हाडे लवकर पिकतात तो सोळाव्या वर्षी विनाकारण बाद होऊ शकतो, आणि ज्याची उशिरा पिकतात तो अठराव्या वर्षीही पार होतो. ‘हा नव्हे’ एवढेच ते यंत्र म्हणू शकते, ‘हा होय’ म्हणण्यासाठी कागदच लागतो. गुरुजी हसले. “म्हणजे एवढा खर्च करून ते आमच्या कानासारखेच झाले!”

हा विनोद येथे थांबवावा लागतो, कारण कागदाचे गाडे जेथे अडते ती जागा विनोदाची नाही. अंदाजाने टाकलेले साल एका वर्षाने पुढे सरकले तर मुलाचे मनगट त्याला खोटा ठरवते. मागे सरकले तर तो आपल्याहून थोरल्यांत ढकलला जातो आणि चौदाव्या वर्षी पंधराव्याच्या खांद्याखाली दबून खेळ सोडतो. आता प्रसूती बहुतांशी दवाखान्यात होतात आणि जन्माची नोंदही होते, हे खरे. परंतु शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कुटुंबे दिवाळी आटोपली की भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात ती होळीच्या सुमारास किंवा त्याही नंतर परततात, आणि या मधल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलाची नोंद परक्या गावच्या दप्तरात होते किंवा होतच नाही. वर्ष उलटल्यावर नोंद करावयाची तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम हवा, आणि असा उशिराचा दाखला निवडसमितीपुढे ठेवला की समिती आधी मुलाच्या ओठावरची लव पाहते. नोंद असली तरी कित्येकदा तीत बाळाचे नावच नसते, ‘अमुकची मुलगी’ एवढेच. शाळेत नाव एक, आधार कार्डावर दुसरे.

कागद जुळला तरी ऋतू जुळत नाही. शालेय फुटबॉलच्या तालुका-जिल्हा स्पर्धा, सुब्रतो मुखर्जी चषकाच्या फेऱ्यांसह, पावसाळ्यात होतात, आणि पावसाळ्यात आमच्या मुलखातली प्रत्येक सपाट जमीन भाताखाली असते. खाचरे मोकळी होतात ती दिवाळीनंतर. तेव्हा धसकटांवर अनवाणी पायांनी खेळता येते, पण तेव्हा स्पर्धा संपलेल्या असतात आणि खेळणारी निम्मी मुले भट्टीवर असतात. भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला पाजणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. तेथे मैदानावर गवत जगवण्याची भाषा मी तरी करणार नाही. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही. निवडचाचणी सकाळी सातला बालेवाडीस असेल तर पाड्यावरच्या मुलाने आदल्या दुपारीच एस.टी. धरली पाहिजे, आणि त्याच्याबरोबर जो मोठा मनुष्य जाईल त्याचा दोन दिवसांचा रोज बुडाला पाहिजे. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांचा मान. फुटबॉलला तेथे अजून कोणी पाट मांडलेला नाही.

याचा अर्थ असे होऊच शकत नाही, असा मात्र नव्हे. २०२२ साली मुलींची जागतिक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा आपल्या संघाची कर्णधार अष्टम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील एका आदिवासी खेड्यातली होती आणि तिच्या जोडीला त्याच राज्याच्या आणखी मुली होत्या. तो संघ अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन आणि ब्राझीलकडून पाच गोलांनी हरला, एकही गोल न करता. स्पर्धेच्या दोन महिने आधी फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केले होते, हे विसरून त्या आकड्यांकडे पाहणे मला अन्यायाचे वाटते. अष्टमच्या गावीही भातशेतीच आहे. मग तेथे जे घडते ते येथे का घडत नाही, याचे उत्तर मी गुरुजींना विचारले, आणि ते म्हणाले, “तिथे मुली हॉकी-फुटबॉल खेळताना आधीच्यांना पाहत आल्या. इथे कोणी कोणाला पाहिले?” मुलांच्या बाजूस, २०१७ चा उत्साह टिकावा म्हणून त्या वर्षीच्या संघातल्या मुलांना घेऊन महासंघाने इंडियन ॲरोज हा आपला संघ लीगमध्ये उतरवला होता, २०२२ मध्ये तोही मोडला. आणि तरी २०२५ च्या नोव्हेंबरात अहमदाबादेस बिबियानोंच्याच सतरा वर्षांखालील संघाने इराणला दोन-एक असे हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली.

मुलांची जागतिक स्पर्धा आता दरवर्षी होते, अठ्ठेचाळीस संघांची, आणि २०२९ पर्यंत कतारमध्ये. २०२९ साली खेळणारा मुलगा १ जानेवारी २०१२ रोजी वा त्यानंतर जन्मलेला असावा लागेल. जन्मनोंदीत बाळाचे नाव भरावयाची मुदत पंधरा वर्षांची आहे, म्हणजे त्या वर्षीच्या मुलांसाठी ती २०२७ पासून संपू लागेल. गुरुजींच्या जागी आलेल्या तरुण शिक्षिकेने अशा नावांची यादी केली आहे. त्यांतली चार मुले चांगली धावतात, आणि एकीची नोंद कोणत्या भट्टीजवळच्या ग्रामपंचायतीत आहे हे तिच्या आईला आठवेपर्यंत तिचा अर्ज भरून तसाच ठेवला आहे.